तिची इस्त्री, त्याची घडी

इस्त्रीवालीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या ओरडण्यामुळे. शाळेत शिकवायला निघाले होते. रस्त्याला लागून असलेल्या एका खोलीच्या दारात ती नवऱ्याला रागावत होती. "अहो, ही काय घडी आहे? बटण मधोमध नको का? गिऱ्हाईक म्हणेल, शर्टाला लकवा मारला!" नवरा हसत हसत पुन्हा घडी घालत होता. ती इस्त्री फिरवायची, तो घड्या घालायचा. लग्नापासून कामाची अशीच वाटणी. इस्त्रीतले निखारे फुंकायचं कामही त्याचंच.

फुंकून फुंकून त्याची छाती गेली. डॉक्टर म्हणाले, धूर बंद. त्याच सुमारास सरकारची योजना आली होती: कोळसा सोडा, विजेची इस्त्री निम्म्या किमतीत घ्या. तिने घेतली आणि मला हाक मारून दाखवली. "बघा बाई, धूर नाही की राख नाही. आता आमच्या ह्यांना खोकायला निमित्तच उरलं नाही." धाप लागली की तोंडाने ओढायचा औषधाचा पंप गरिबांच्या कार्डावर दवाखान्यात फुकट मिळायचा. वर्षभर बरं चाललं.

मग एके दिवशी दवाखान्याच्या खिडकीवरून ती रिकाम्या हाती परत आली. कार्ड बंद झालं होतं. नवा नियम असा, की ठरावीक युनिटांच्या वर वीज जाळणारं घर गरीब नाही. मी तिच्यासोबत कचेरीत गेले.

कारकून कार्ड उलटसुलट करत म्हणाला, "मावशी, गरिबाघरी एवढी वीज जळते होय?"

"घरात कुठे जळते, साहेब? तुमच्या अंगावर जळते. हा शर्ट कालच माझ्या टेबलावर होता."

तो ओशाळून हसला. माणूस वाईट नव्हता. "मग धंद्याचा वेगळा मीटर घ्या."

"त्याला घरमालकाची सही लागते. तो म्हणतो, दुकान म्हणून लिहून दिलं तर तुम्ही खोली सोडायच्या नाहीत."

"मग वीज कमी करा. मर्यादेखाली आलात की पुढच्या महिन्यापासून कार्ड चालू."

"म्हणजे पुन्हा कोळसा?"

"ते मी कसं सांगू? तो विभाग वेगळा."

बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली. "बाई, इकडे आड, तिकडे विहीर. ही इस्त्री ठेवली तर पंप नाही. पंप हवा तर घरात धूर." जन्मभर नागरिकशास्त्र शिकवणारी मी तिच्याशेजारी बसून राहिले.

तिने पंप विकत आणून पाहिला. नवरा तो पुरवून पुरवून वापरू लागला. विचारलं की म्हणायचा, "घेतला की मघाशीच." एका सकाळी घडी घालता घालता शर्ट हातातच राहिला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. ओठ काळेनिळे पडले होते.

त्याच आठवड्यात तिने माळ्यावरून कोळशाची इस्त्री काढली आणि त्याला दूर खेड्यात, त्याच्या बहिणीकडे पाठवलं. मी तेव्हा दारातच होते.

"वन्संना त्रास देऊ नका," ती म्हणाली.

"नाही देत. तू तेवढं बटण मधोमध ठेव."

तो गेला त्या वाटेकडे तिने पाहिलं नाही. खाली बसून निखारे फुंकू लागली. आजवर ते काम तिने कधी केलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. "धूर आहे," ती म्हणाली. मीही "हो" म्हटलं.

आता कार्ड चालू आहे. पंप महिन्यातून एकदा मिळतो आणि त्यासाठी रोग्याला स्वतः यावं लागतं, म्हणून दोघांची भेट दवाखान्याच्या रांगेत होते. जाताना ती इस्त्री केलेल्या, पण घडी न घातलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन जाते. तो बाकावर बसून घड्या घालतो. गेल्या खेपेला दोन शर्टांतच त्याला धाप लागली. बाकीच्या घड्या तिने घातल्या.