ऑपरेटर काकू आणि नितीनचा कॅमेरा

कुणाचा फोन वाजला की ऑपरेटर काकू खोलीतून उठून जायच्या. स्वतःच्याच घरात. समोर बसलेल्या पाहुण्याचा मोबाइल वाजला, की गुडघ्यावर हात टेकत उठायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी इकडची तिकडे करायच्या. बोलणं संपल्याची चाहूल लागली की परत यायच्या. कुणाचा फोन होता, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा माझाच फोन वाजला आणि त्या उठून गेल्या. आपलं काहीतरी चुकलं, असं वाटून मी घाबरले होते.

इंदिरानगरच्या आमच्या इमारतीत आम्ही समोरासमोर राहत होतो. त्यांचं नाव सुमन, पण सगळ्या इमारतीत त्या ऑपरेटर काकूच. टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सुरुवातीची वर्षं कळवणला, पुढची नाशिकला. कळवणला तेव्हा हाताने चालवायचा बोर्ड होता. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, आणि या भोकातला प्लग त्या भोकात. कॉल लागला का, तुटला का, हे बघायला मध्ये कान लावावाच लागायचा. त्यामुळे तालुक्यात कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कोण दवाखान्यात आहे, हे काकूंना आधी कळायचं.

"ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं," त्या म्हणायच्या. "ऐकू येणं ही माझी नोकरी होती. ऐकणं हा चोंबडेपणा झाला असता."

कांद्याचे व्यापारी त्यांना बाजारात गाठून विचारायचे, "नामपूरले आज काय भाव शे व बाई?" आपल्याआधी दुसऱ्या व्यापाऱ्याने फोन लावलाय, हे त्यांना माहीत असायचं. काकू म्हणायच्या, "मी नुसती जोडते. भाव त्यांनाच विचारा." एकाने दिवाळीला मिठाईचा पुडा घरी पाठवला होता. काकूंनी तो तसाच परत धाडला. वरून तिसऱ्याच कुणाला कळू नये म्हणून पिशवीत घालून.

एक गोष्ट मात्र सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. सुरगाण्याकडची एक बाई कळवणला माहेरी आली होती. तिचा नवरा तिकडे जीप उलटून गेला. निरोपाचा कॉल काकूंनीच जोडला, त्या बाईच्या भावाच्या दुकानात. ड्यूटी संपवून घरी निघाल्या, तर समोरून तीच बाई, बहिणीबरोबर हसत, बांगड्या भरून येत होती. भाऊ अजून घरी पोचलाच नव्हता. काकूंकडे बघून ती ओळखीचं हसली. काकूही हसल्या आणि पुढे गेल्या.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं होतं.

"सांगायचं तिच्या भावाचं होतं. आणि घरी पोचेपर्यंतचा रस्ता तिचा होता. तो मी का काढून घेऊ?"

त्यांचे यजमान लवकर गेले. एकुलता मुलगा नितीन कॅनडात. वर्षाआड यायचा. रोज फोन करायचा असंही नाही, पण जीव होता त्याचा आईवर. काकू न्हाणीघरात घसरून पडल्या आणि मनगट मोडलं, तेव्हा तो हादरला. पुढच्या दिवाळीत आला तो दोन बॅगा भरून वस्तू घेऊनच. हॉलच्या कोपऱ्यात वर कॅमेरा बसवला. गिझर, एसी, दिवे, सगळं इंटरनेटला जोडलं. दाराला चित्र दिसणारी बेल लावली. सुट्टी संपून तो परत गेला आणि घर त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्याबरोबर गेलं.

पहिली फजिती गिझरची झाली. जुनं बटण काढून तिथे नवीन यंत्र बसवलं होतं आणि ते चालायचं मोबाइलवरून. काकूंना ते मोबाइलवरचं काही जमेना, म्हणून नितीनच तिकडून रोज सकाळी गिझर लावायचा. आपली सकाळ ती त्याची आदली रात्र. डिसेंबरात नाशिकची थंडी काय असते ते नाशिककराला सांगायला नको. एके दिवशी इंटरनेट गेलं ते दुपारपर्यंत आलंच नाही. मी गॅसवर पातेलंभर पाणी तापवून दिलं. शाल गुंडाळून बसलेल्या काकू म्हणाल्या, "गिझर नाशिकला, त्याचं बटण कॅनडाला. मला वाटलं होतं, ट्रंक कॉल बंद झाले."

उन्हाळ्यात एसीचं तेच. काकूंना संध्याकाळी खिडकी उघडून बसायला आवडायचं. नितीनला तिकडे खोलीचं तापमान दिसायचं आणि आईला उकडत असेल म्हणून तो एसी लावायचा. काकू खिडकी लावून, पायांवर गोधडी घेऊन बसायच्या. मी म्हटलं, त्याला सांगा ना. म्हणाल्या, "खोली किती गार झाली ते त्याला दिसतं. मला थंडी वाजते ते दिसत नाही. पण त्याला बरं वाटतं गं, आईसाठी काहीतरी केल्यासारखं."

या वस्तूंबद्दल त्यांच्या शंकाही पुष्कळ होत्या आणि सगळ्याच खऱ्या होत्या असं नाही. टीव्ही आपल्याला बघतो, असं कुणीतरी सांगितल्यावर महिनाभर त्या टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवायच्या. त्यांचा टीव्ही इतका जुना होता की तो स्वतःचंच चित्र नीट दाखवत नव्हता.

कॅमेऱ्याला मात्र त्यांनी हरकत घेतली नव्हती. मुलगा लांब आहे, काळजी करतो, बघू दे. फक्त कुणी घरी आलं की कोपऱ्याकडे बोट करून सांगायच्या, "इथं नितीनपण बसलाय हं." येणारे हसायचे, कुणी कॅमेऱ्याला हात करायचं. कुणाला काही खाजगी बोलायचं असलं की काकू त्याला गॅलरीच्या दाराशी असलेल्या दिवाणावर बसवायच्या. तिथलं कॅमेऱ्यात दिसत नाही, हे त्यांनी नितीनलाच विचारून पक्कं केलं होतं.

कॅमेऱ्याला कानही आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. नितीनने लपवलं नव्हतं. सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वंदनाताई रोज दुपारी काकूंकडे यायच्या. मुलगा सचिन आणि सून यांच्याबरोबर त्या राहतात. सचिन आणि नितीन लहानपणी याच इमारतीच्या आवारात क्रिकेट खेळलेले. एका दुपारी वंदनाताई आल्या आणि त्या दिवाणावर बसून खूप रडल्या. छातीत गाठ लागली होती. एकट्याच जाऊन तपासणी करून आल्या होत्या. गाठ वाईट निघाली. सुनेचे दिवस भरत आले होते. बाळंतपण पार पडू दे, मग घरात सांगते, डॉक्टरांनी थोडं थांबायला हरकत नाही म्हटलंय, असं त्यांनी काकूंना सांगितलं. तुम्ही कुणाला बोलू नका, असं सांगायची गरजच नव्हती.

हे मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, काकूंच्या दारात वंदनाताईंचा आवाज ऐकून. मी दार उघडलं तर त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला.

"काकू, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

सचिनला सकाळी नितीनचा मेसेज आला होता. तुझ्या आईचं कळलं, काळजी घे, काही लागलं तर कळव. सचिनने आईला विचारलं, सून शेजारी उभी होती, आणि सगळं घर एकदम रडायला लागलं.

काकू दार धरून उभ्या राहिल्या. मी नाही सांगितलं, एवढं एक वाक्य त्या बोलू शकल्या असत्या. नाही बोलल्या. वंदनाताई जिना उतरून गेल्या. मग काकूंनी मला आत बोलावलं, नितीनला फोन लावायला लावला आणि, मी उठून जायला लागले तर, माझा हात धरून म्हणाल्या, "तू थांब. आज साक्षीला कुणीतरी हवं."

"आई, मी मुद्दाम नाही ऐकलं," नितीन म्हणाला. "मोबाइलवर सूचना आली, घरात कुणीतरी रडतंय म्हणून. मला वाटलं तूच रडतेस. मी घाबरून कॅमेऱ्याचा आवाज लावला."

"मी नाही हे कळल्यावर बंद का नाही केलंस?"

काकू उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

"आणि मला फोन करायचा सोडून सचिनला का कळवलंस?"

"अगं, कॅन्सर आहे. उशीर झाला असता तर? चांगल्यासाठीच केलं ना मी?"

"चांगल्यासाठी केलंस, ते मला कळतंय. पण सांगायचं तिचं होतं रे. ते आपण घेतलं."

'आपण' म्हणाल्या. मला ते तेव्हाही लागलं. सगळी नोकरी दुसऱ्यांची गुपितं सांभाळण्यात गेलेली ती बाई, आणि तिच्या दिवाणावर बसून बोललेलं साता समुद्रापलीकडे गेलं होतं. डोळ्याची काळजी घेतली आणि कानाची राहिली, असं त्या पुढे कित्येक दिवस स्वतःशीच बोलायच्या.

त्याच संध्याकाळी त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. मी बरोबर होते. सचिनने दार उघडलं. काकू आत बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "वंदना, मी कुणाला सांगितलं नाही. पण माझ्या घरातून गेलं. तेव्हा ते माझ्याच अंगावर." वंदनाताईंनी मान हलवली. बसा म्हणाल्या नाहीत.

वंदनाताईंचं ऑपरेशन लगेच झालं. मधल्या काळात नातू झाला. पुढचे उपचारही पार पडले. आज त्या चांगल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात हे बरं झालं. मग इमारतीत सगळे नितीनचं कौतुक करायला लागले. बघा, कॅमेऱ्याने जीव वाचवला. काकू कुणाशी वाद घालायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "ती वाचली याचा मला आनंदच आहे. पण चांगलं झालं म्हणून ते बरोबर होत नाही."

वंदनाताईंनी पुढे मला सांगितलं, "बाळ घरी आलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते गं. बाळाकडे कुणी बघेना. तेवढं एक मला हवं होतं."

कॅमेरा काकूंनी काढला, पण नितीनला विचारून. "तुझ्या पाठीमागे नाही काढणार," त्या म्हणाल्या. तो चिडला. "आणि परत पडलीस तर?"

"पडले तर पडले. तुला मी दिसायला हवी का बोलायला हवी, ते एकदा ठरव. दिसते म्हणून तू फोनच करत नाहीस हल्ली."

मग ठरलं ते असं. फ्लॅटची एक किल्ली माझ्याकडे. काकूंनी सकाळी उठल्यावर आतली कडी काढून ठेवायची. मी किल्लीने दार लोटून बघायचं, कडी निघाली नसली तर बेल वाजवायची. आणि नितीनने रोज फोन करायचा. वायरमन आला, गिझरला साधं बटण बसवून दिलं. "काकू, हे तुमच्या हाताचं. नेट गेलं तरी लय चालंल," म्हणाला. दारावरची बेल मात्र काकूंनी ठेवली. "ही बाहेरचं मला दाखवते. माझं बाहेर दाखवत नाही. असू दे."

वंदनाताई बरेच महिने वर आल्या नाहीत. काकूंनी त्यांना बोलावलंही नाही. लिफ्टमध्ये भेटल्या तर नातवाची चौकशी करायच्या, तेवढीच. उपचार संपले, डोक्यावर बारीक केस परत आले, आणि एका दुपारी बेल वाजली. मी काकूंकडेच होते. वंदनाताई नातवाला कडेवर घेऊन आत आल्या, कोपऱ्यात वर बघितलं. भिंतीला नुसती स्क्रूची भोकं होती. काकूंनी काही खुलासा केला नाही. स्वतःचा मोबाइल उचलला, स्वयंपाकघरात ठेवून आल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं. मी माझाही मोबाइल आत ठेवून आले. ती सवय मला अजून आहे. कुणी मनातलं बोलायला आलं की मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.

काकू परत पडल्या त्या गेल्या उन्हाळ्यात, ओट्यापाशी. खुब्याचं हाड मोडलं. सकाळची कडी त्यांनी काढून ठेवली होती, त्यामुळे मला काही कळलं नाही. दुपारी वंदनाताई आल्या, दार उघडेना म्हणून त्यांनी मला फोन केला, मी किल्ली घेऊन गेले तेव्हा उघडकीला आलं. काकू तोवर फरशीवरच होत्या. नितीन आला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाला, "कॅमेरा असता तर लगेच कळलं असतं."

"हो, कळलं असतं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्याने तेच आईलाही म्हणून दाखवलं. काकू म्हणाल्या, "पडल्या पडल्या मला त्याची आठवण झाली होती हं. खोटं कशाला बोलू?"

"मग लावू का परत?"

"नको."

दोघं हसले. तो मग परत गेला नाही. ऑफिसचं काम इथूनच करत राहिला. रोज आईचे पाय चेपत तिला कळवणच्या गोष्टी विचारायचा. काकू माणसांच्या सांगायच्या, बोर्डाच्या सांगायच्या, पण बोर्डावर कोण काय बोललं ते मुलालाही सांगितलं नाही.

घरी आणल्यावर छातीत कफ झाला आणि तो उतरला नाही. एका दुपारी नितीन औषधं आणायला गेला होता, मी ऑफिसात होते. वंदनाताई उशाशी बसल्या होत्या. काकूंनी त्यांना जवळ ओढून काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होत्या. थोड्या वेळाने काकू गेल्या.

दहावं झाल्यावर आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो होतो. नितीनने विचारलं, "वंदनामावशी, आई शेवटी काय म्हणाली?"

वंदनाताईंनी पदराने डोळे पुसले. "ते त्यांनी मला सांगितलंय रे, नितीन."

नितीनच्या ओठावर पुढचा प्रश्न आलेला मला दिसला. मग त्याने मान हलवली, "बरं, मावशी," म्हणाला, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेला.