सासूबाईंच्या टॅबलेटची नवी रिकव्हरी

सासूबाईंचा तो टॅबलेट मी घेऊन दिलेला. बोट कसं फिरवायचं, हिरवं बटण कशाचं, लाल कशाचं, सगळं मीच शिकवलं. रोज चारच्या सुमारास त्या लासलगावच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायच्या आणि कॉल अडला की हाक मला यायची. त्या हाकेचा वैताग येतो असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं होतं ते.

मागच्या उन्हाळ्यात कॉलचं ॲप चालेना. सिस्टिम फार जुनी झाली होती. मी म्हटलं, "आई, याचे दिवस भरले आता." तर माझी धाकटी जाऊ, अंबडच्या कारखान्यात नोकरीला, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेली, म्हणाली, "होईल की. मी करते." माझा नुसता तिळपापड झाला. आता हाकही तिलाच जाणार. टॅबलेट भंगारात गेला असता तरी चाललं असतं, पण तिच्या हातून सुरू व्हायला नको होता.

रविवारी तिनं लॅपटॉप मांडला, फोटो आधी उतरवून घेतले. मग मला समजावलं. टॅबलेटमध्ये रिकव्हरी नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर असतं. कंपनीचं काढून दुसरं बसवलं की त्यातून नवी सिस्टिम भरता येते. मेख एकच. बसवल्याबरोबर तीन बटणं एकदम दाबून थेट त्यातच शिरायचं, नाहीतर टॅबलेट नेहमीसारखा सुरू होतो आणि जुनी रिकव्हरी परत बसवून टाकतो. पॉवरचं बटण आत गेलेलं, त्यालाच तिचे दोन्ही हात लागत होते.

"ताई, ही दोन तुम्ही धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

सासूबाई समोर गवार निवडत बसल्या होत्या. "लय हुशार हाय गं ही," त्या म्हणाल्या. तेरा वर्षांत मला असं कधी म्हणाल्या नव्हत्या. माझा अंगठा निसटला. निसटला कसला, मीच सोडला.

टॅबलेट नेहमीसारखा सुरू झाला. बिचारी स्वतःलाच दोष देत राहिली. तिनं सगळं पुन्हा केलं. मी पुन्हा सोडला. या खेपेला तिचे डोळे भरून आले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"राहू द्या, आई. नाही जमत मला."

सासूबाईंनी हात पदराला पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. "आणखी एकदा कर," त्या तिला म्हणाल्या. तिनं सुरुवात केली तसा त्यांनी आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला. चांगला दुखेपर्यंत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पडद्यावर नवी रिकव्हरी उघडली. जाऊ लहान मुलीसारखी ओरडली. सासूबाईंनी दुसऱ्या हातानं तिची पाठ थोपटली. माझ्या अंगठ्यावरचा दाब तसाच होता.

"सोड आता," त्या मला ऐकू येईल एवढंच म्हणाल्या. "ते तुला लय चांगलं येतंय."