वायरमनचा पाच खिडक्यांचा डबा

वायरमन सेलला जीभ लावून त्याची चव सांगायचा. सेल धोतराच्या सोग्यानं पुसायचा, एका टोकाला तार धरायचा, तारेचं दुसरं टोक आणि सेलचं डोकं असं दोन्ही जिभेला लावायचा आणि डोळे मिटायचा. "खारट आहे. पंधरा दिवस ओढते अजून." नाही तर, "तुरट झाला हा. याचा भरवसा नाही." त्याचं बहुतेक खरं व्हायचं. एकदा लग्नघरी कोणी तरी त्याला विचारलं, वरणात मीठ बरोबर आहे का पाहा. तो म्हणाला, "वरनाचं मले समजत नाही. तार जोडून द्या, सांगतो."

मी चौथी शिकलेला माणूस. चक्की चालवली, पीठ दळलं, लिहिण्याचा संबंध आला नाही. आता लिहितो आहे त्याला कारण मुलाचा रिमोट. आमची ही जाऊन येत्या पोळ्याला वर्ष होईल. घर सुनं वाटतं म्हणून मुलानं मला टीव्हीपुढं बसवायचं ठरवलं आणि टीव्ही, पंखा, डिश सगळ्यांचा मिळून एकच रिमोट आणला. त्याला बोटभर पडदा आहे. आपण द्यायचं ते नाव त्या पडद्यावर उमटतं, असं पुड्यावर छापलं होतं. मुलगा दोन तास खपला. पंख्याचं नाव दिलं की ते टीव्हीवर जाऊन बसायचं. टीव्हीचं दिलं की पुसून जायचं आणि 'डिव्हाइस तीन' उमटायचं. सून म्हणाली, दुकानात नेऊन दाखवा. मी म्हणालो, "वायरमन पाह्यजे होता." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं आता चाललं.

वायरमन म्हणजे दुसरबीडच्या बाजारात सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत राहणारा, बिनलग्नाचा, उंच, वाळका माणूस. मेहकरला कोणाच्या तरी हाताखाली वायरिंग शिकून आला होता. आमच्या गावात वीज नवी होती तेव्हाची गोष्ट. सायकलला शिडी बांधून यायचा. कोणाच्याही घरी गेला की आधी मीटरवर दोन टिचक्या मारून विचारायचा, "काय साहेब, बरे आहा ना?" आणि मग घरातल्या माणसांकडे वळायचा. सगळे त्याला वायरमनच म्हणत. त्याला दुसरं नाव असेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. ही माळ्यावरून गोवऱ्या काढताना पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मेहकरच्या डॉक्टरांनी कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, तीन महिने खाट सोडायची नाही. माझी चक्की गल्लीच्या पलीकडे. पट्टा फिरायला लागला की माझ्या कानात माझाच आवाज यायचा नाही, तर हिचा कुठून येणार? मदतीला आमची आत्या येऊन राहिली होती, पण तिला विहीर असे, गाय असे. एका दुपारी मी घरी आलो तर ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. पाण्याचा तांब्या खाटेपासून वीतभर लांब राहिला होता. सकाळपासून 'अहो, अहो' करून तिचा गळा बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी मेली असती तरी तुम्ही दळून राह्यले असते."

ते मला लागलं. मी तसाच सायकलवर टांग मारून वायरमनकडं गेलो. म्हणालो, "हिनं बोट हलवलं की मले कळलं पाह्यजे. काही बी कर."

त्यानं आठ दिवस घेतले आणि डबा केला. चहाच्या पेटीच्या फळ्यांचा, वीतभर रुंद. वर पाच बटनं. प्रत्येक बटनाच्या डोक्यावर काचेची एवढीशी खिडकी, खिडकीत पतंगाच्या कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीमागं टॉर्चचा बल्ब. बटन दाबलं की खिडकीतलं नाव पेटायचं आणि ते काम व्हायचं. एका बटनावर खोलीतला दिवा, एकावर रेडिओ, एकावर स्वयंपाकघरातली आत्याची घंटी. चौथं माझं. त्याची तार खोलीच्या खिडकीतून निघून लिंबावरून चक्कीत येत होती आणि घंटी माझ्या कानापाशी टांगली होती. पाचवं कशालाच जोडलेलं नव्हतं, पण रिकामी खिडकी वायरमनला बघवेना, म्हणून त्यात त्यानं 'शिल्लक' लिहिलं. डब्याला तो 'कंट्रोल' म्हणे. हिच्या उशाशी डबा ठेवून त्यानं एकेक खिडकी बोट ठेवून वाचून दाखवली. "वहिनी, हा दिवा. हा रेडिओ. ह्या आत्याबाई. हे तुमचे मालक, नावानिशी लिहिले पाहा." आणि माझं नाव खणखणीत वाचलं. आत्याला 'शिल्लक'चं फार वेड लागलं. जाता येता ती ते दाबून बघायची. "आज ना उद्या काही तरी निघंन त्याच्यातून," म्हणायची.

डब्यात बिघाड झाला की वायरमन तारेला हात लावत नसे, चिठ्ठ्या बदलत असे. पहिल्याच आठवड्यात 'रेडिओ' दाबलं की दिवा लागायला लागला. त्यानं येऊन दोन्ही चिठ्ठ्या ओढल्या, अदलाबदल केली आणि उठला. मी म्हणालो, "अरे, तार तपास ना बे." तो म्हणाला, "तार खोटं बोलत नाही, भाऊ. नाव मानसानं दिलं, चूक मानसाची." चार दिवसांनी पुन्हा उलटं झालं, त्यानं पुन्हा चिठ्ठ्या फिरवल्या. आत्याची चिठ्ठी फिरत फिरत एकदा रेडिओवर गेली. रेडिओ सुरू झाला की आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "मी नाही बोलून राह्यली, तो बोलून राह्यला!"

पण खरा घोटाळा चौथ्या खिडकीचा. एका दुपारी मी घरी आलो तर भर उन्हात खोलीतला दिवा पेटलेला, रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम मोठ्यानं चाललेला आणि शेजारच्यांची बकरी हिच्या खाटेवर चढून प्लास्टरची पट्टी खाऊन राहिलेली. हातभर पट्टी तिच्या तोंडातून लोंबत होती. आत्या विहिरीवर. ही एका हातानं बकरीचं शिंग धरून दुसऱ्या हातानं बटनं दाबत होती. दिवा दाबला, रेडिओ दाबला, आत्या दाबली, शिल्लकसुद्धा दाबली. माझीच घंटी तेवढी वाजली नव्हती.

"घंटी काऊन नाही वाजवली?" मी बकरी हाकलत विचारलं.

"वाजत नाही ते," ही म्हणाली आणि रेडिओकडं बघत राहिली.

वायरमन आला. बटन दाबलं, माझं नाव पेटलं, घंटी वाजली, मी चक्कीतून धावत आलो. तो गेला. दोन दिवस घंटी नाही. तो पुन्हा आला, सेल चाखले, खारट आहेत म्हणाला. दाबलं, वाजली. गेला. पुन्हा गप्प. असं चारदा झालं. चौथ्या वेळी तो लिंबावर चढून तारेला कान लावून बसला. जेवण सुटलं त्याचं. म्हणाला, "भाऊ, मी आलो की चालते, मी गेलो की मरते. ह्या तारेले माही ओळख आहे का काय?"

पाचव्या वेळी त्यानं हिच्या शेजारी दुसरी खाट टाकायला लावली, एक पाय फळीला बांधून घेतला आणि आडवा झाला. पेशंटच्या जागेवरून पाहिल्याशिवाय दोष दिसणार नाही, असं त्याचं म्हणणं. आत्यानं पदर तोंडाला लावला. तो छताकडं बघत ओरडला, "आता समजा बकरी आली!" आणि डबा ओढून बटन दाबलं. घंटी वाजली. मी पिठानं माखलेला धावत आलो. मला म्हणाला, "तू नको येऊ, तपासनी चालू आहे." मग डबा हिच्यापुढं सरकवला. "आता बकरी तुमच्याकडं आली, वहिनी. दाबा."

हिनं अंगठा उचलला. बटनापर्यंत नेला. परत घेतला. "बोटात जोर नाही," म्हणाली.

"बकरीचं शिंग धरायले होता," मी म्हणालो. मला राग आला होता. जीव जायची वेळ आली तरी ही मला बोलावणार नाही, असं वाटलं मला त्या वेळी.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे दळभद्र्यांनो, दाबलं की नाव पेटते ना त्याच्यात! नवऱ्याचं नाव ते घेईन का कधी? तोंडानं घेत नाही ते बोटानं घेईन?"

वायरमन पाय बांधलेलाच पडून होता. पाच वेळा शिडी घेऊन आलेला माणूस. शेवटी तो हळूच म्हणाला, "म्हनजे तार बरोबर होती." हीच काय ती त्याची तक्रार.

मग नाव शोधायला लागलो. वायरमन म्हणाला, 'मालक' लिहू. आत्या म्हणाली, "गड्यानं हाक मारल्यासारखं वाटते." 'चक्की' लिहू म्हटलं तर ही उशीत तोंड घालून म्हणाली, "मंग चक्कीच येईन, हे नाही येनार." 'अहो' म्हटलं तर आत्या म्हणाली, गल्लीतले सगळे नवरे येतील. आत्याचं मत होतं की मला 'शिल्लक'मध्ये टाकावं, तेवढंच त्या बटनाला काम. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं आणि मला कोणी विचारत नव्हतं.

वायरमननं पायाची फळी सोडली, खिशातून चिठ्ठी काढली, शिसपेन्सिल जिभेला लावली आणि काही तरी लिहून चौथ्या खिडकीत सरकवलं. आम्ही वाकून पाहिलं. 'तोताराम'.

"हा कोन?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. "माहं नाव. कोनी वापरत नाही. मायबाप गेले तवापासून पडून आहे, खराब होऊन राह्यलं. तुमच्या कामी येते तर वापरा."

हिनं त्याच्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि अंगठा ठेवून जोरात दाबलं. तोताराम पेटला. चक्कीत घंटी वाजली. मी समोरच उभा होतो, तरी म्हणालो, "आलो, आलो."

त्यानंतर घंटी एकदाही बंद पडली नाही. पाणी पाहिजे, तोताराम. उशी सरकली, तोताराम. नुसतं बोलायला पाहिजे, तरी तोताराम. मी रागावायचो आणि जायचो. एक दिवस लोणारहून हिचा भाऊ भेटायला आला. बहिणीनं बटन दाबलं, खिडकीत परक्या पुरुषाचं नाव पेटलं. पाहुण्याचा चहा बशीतच राहिला. "ताई, हा तोताराम कोन?" इतक्यात मी दारातून आत आलो. ही पदर सावरून म्हणाली, "हेच की." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आयुष्यभर मला काहीच विचारलं नाही.

प्लास्टर निघालं. डबा फळीवर गेला. पण नाव गेलं नाही. हिच्या तोंडात बसलं होतं ते. दुसरबीडच्या बाजारात एकदा आमची चुकामूक झाली. आधी असं झालं की ही एका जागी उभी राहायची आणि मी शोधायचो. त्या दिवशी मिरच्यांच्या ढिगाशी उभी राहून तिनं हाक मारली, "ओ तोताराम!" सगळा बाजार वळला. मी वळलो. आणि सायकल दुकानापुढं वायरमन वळला. त्याच्या हातातली पक्कड तशीच राहिली. जवळ आला आणि म्हणाला, "मले वाटलं, मलेच."

"तुमचंच आहे," ही म्हणाली. "तुमच्याकडून आनलेलं."

तो हसला. मग दर बाजारी आम्ही दिसलो की तो आमच्या आसपास घोटाळायचा. काही काम नसायचं. ही मुद्दाम मला एक हाक जास्त मारायची. त्याचं तोंड दुसरीकडं असायचं, पण कान इकडं असायचे.

काही वर्षांनी तापानं गेला, सायकल दुकानामागच्या त्याच खोलीत. मला निरोप आला, वायरमन गेला. मी पोचलो तर चार माणसं उभी होती आणि एक जण कागदावर नोंद करायला बसला होता. "नाव काय ह्याचं?" त्यानं विचारलं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. इतकी वर्षं त्यांच्या घरात दिवे लावलेला माणूस. मी म्हणालो, "तोताराम." तो म्हणाला, "नक्की?" मी म्हणालो, "मले रोज त्याच नावानं हाक येते." त्यानं पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं, पण लिहिलं.

त्या संध्याकाळी मी आंघोळ करून ओसरीवर बसलो. ही दारात आली. नेहमीपेक्षा मोठ्यानं, शेजारच्या तीन घरांत जाईल अशा आवाजात म्हणाली, "तोताराम, जेवायले चला." पुढं कितीक वर्षं ते तसंच चाललं. पोरगा झाला, सून आली, सगळ्यांसमोर. माझं खरं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. मीही ते इथं लिहीत नाही.

परवा रिमोटवरची नावं काही जुळेनात. मुलगा वैतागून तो टेबलावर टाकून गेला. मी त्यातले दोन्ही सेल काढले, तार धरली आणि जीभ लावली. खारट होते. फळीवरून डबा खाली घेतला. बाहेरच्या तारा कधीच तुटल्या, चक्की बंद, घंटी भंगारात गेली. तरी सेल जागेवर दाबून धरले आणि चौथं बटन दाबलं. कागद पिवळा पडला आहे, पण नाव पेटलं.

"आलो, आलो," मी म्हणालो आणि उठून उभा राहिलो.