पडवीतली तोंडी परीक्षा

"अंगाला लावून सांग," असं म्हणत काकी हाड माझ्यापुढे धरायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंत आणि मी ॲनाटॉमीत एकदा नापास झालेला.

काकी म्हणजे सावर्ड्यातली माझी घरमालकीण. नव्याण्णव साली डॉक्टरकीच्या कॉलेजसाठी मी तिच्या पडवीलगतच्या खोलीत राहत होतो. सीनियरकडून घेतलेली माणसाची हाडं सिमेंटच्या गोणीत घालून मी खाटेखाली दडवली होती. केर काढताना ती तिला सापडली. आता आपलं सामान बाहेर, असं मी धरून चाललो. तिने एवढंच विचारलं, "कुनाची रं ही?" माहीत नाही, मी म्हटलं. तिने गोणी उचलून पडवीत नीट ठेवली. माणसाला असं खाटेखाली कोंबून ठेवत नाहीत, म्हणाली. मात्र हाडांना हात लावला की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्या वर्षी माझ्याइतका स्वच्छ विद्यार्थी सगळ्या तालुक्यात नसेल.

तुमच्यापैकी कुणी हे शिकलं असेल तर माझी अडचण लगेच कळेल. हाड हातात दिलं की ते उजवं की डावं, ते सांगावं लागतं. मी हटकून उलटं सांगायचो. पुन्हा नापास झालो तर नाटे गावात मामाच्या बर्फाच्या कारखान्यात बसायचं, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं.

तांदूळ निवडता निवडता माझी घोकंपट्टी ऐकून काकीनेच चूक पकडली. समोर कुणी उभा आहे आणि हाड त्याचं आहे, असं समजून मी बघत होतो.

"समोर कोन हाय? तुझ्या अंगाला लाव."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती परीक्षक. उत्तर बरोबर की चूक, ते तिला माझ्या तोंडावरून कळायचं.

परीक्षेत सरांनी गळ्याखालचं आडवं हाड, क्लॅव्हिकल, हातात दिलं. मी ते सरळ शर्टावरून खांद्याशी लावलं. सर हसले. मी डावं म्हणालो आणि ते डावंच निघालं. पुढे इतके रोगी तपासले, पण त्या एका शब्दाचा अभिमान अजून उतरलेला नाही.

काकीला जाऊन आता पाच वर्षं झाली. तिची आठवण निघाली की मला निकालाचा दिवस दिसतो. हद्दीच्या गडग्यावरून, म्हणजे दगडांच्या कुंपणावरून, शेजारणीशी तिचं वाजलं होतं, दोन वर्षं अबोला होता. मी पास झाल्याचं तिला सांगितलं. पदराला हात पुसत ती थेट त्या गडग्यापाशी गेली, पलीकडे वाकली आणि तिने शेजारणीला हाक मारली.

"आयकलंस काय गो? आमी पास झालाव."