'होऊन जाईल' म्हणणारा मॅनेजर

बाळकृष्ण उजळून ताटात चमकत बसला होता, अन्नपूर्णा चिंचेच्या कोळात बुडाली होती आणि गणपती अजून काळाच होता, तेवढ्यात हुमेराचा फोन आला. जमालला उद्या फुजैराला जायचंय, तेव्हा मीटिंग आजच उरकू, क्लबहाउसमध्ये ये. अस्मिता हो म्हणाली खरी, पण देव असे अर्धवट टाकून उठायचं तिच्या अगदी जिवावर आलं. हात घासून धुतले तरी बोटांवरचा काळेपणा जाईना. तशीच निघाली.

आखातातल्या जबल अलीच्या या बाजूला त्यांचे चार टॉवर म्हणजे एक गावच. दुकानं, स्विमिंग पूल, हॉल, पाण्याच्या टाक्या आणि गावाला शोभतील अशी भांडणं. घरमालकांनी निवडून दिलेली तिघांची समिती होती. हुमेरा अध्यक्ष, आणि जमाल नि अस्मिता सभासद. जुना मॅनेजर दर तक्रारीला 'इन्शाल्ला' म्हणत राहिला आणि भर उन्हाळ्यात टाकीचा पंप बंद पडून बसला. लोक बाटल्यांच्या पाण्याने आंघोळी करत होते तोवर तो सोडून गेलाही. नवा माणूस देखभालीची कंपनी नेमणार होती, पण समितीचा होकार घेऊन. आज दोन उमेदवार यायचे होते, आणि त्यातला एक दत्तप्रसाद.

अस्मिताचा जीव अडकला होता तो इथे. दत्तप्रसाद त्यांच्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर भाड्याने राहायचा. दर गुरुवारी आरतीला हजर, गणपतीत मखर त्याच्याच हातचं. त्याची नोकरी गेलेली, व्हिसाची मुदत संपत आलेली. हे काम मिळालं नाही तर मुलीची, शुभ्राची दहावी मध्येच सोडून पुण्याला परत जायचं. त्याची बायको अनुपमा कालच येऊन बसली होती. नोकरीचा विषय तिने काढलाही नाही, पण चपला घालता घालता म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून मला रात्री झोप लागते." तेव्हापासून अस्मिताचीच झोप उडाली होती.

तिची आई कोकणातल्या एका लहान नगरपालिकेत नगरसेविका होती. नवा मुख्याधिकारी आला की सगळे नगरसेवक तो किती शिकलेला, कुणाचा माणूस, याची चौकशी करत. आई म्हणायची, साहेब हो कसं म्हणतो ते सगळेच बघतात, मी बघते तो नाही कसं म्हणतो. क्लबहाउसच्या काचेच्या दाराशी अस्मिताला हे आठवलं.

दत्तप्रसाद आधी आत आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर बारीकसं गंध. चार वर्षं एका मॉलचं काम बघितलेलं, बोलणं लाघवी. जमालला हॉल रात्री उशिरापर्यंत खुला हवा होता. दत्तप्रसाद म्हणाला, "हो जाएगा." हुमेराला तोच हॉल नऊला बंद हवा होता, कारण तिच्या बेडरूमची भिंत हॉलला लागून. तिलाही त्याने तितक्याच आदराने सांगितलं, "हो जाएगा, मॅडम." दोघंही खूश. दोघांनी एकमेकांचं ऐकलं कसं नाही, याचंच अस्मिताला नवल वाटलं. तिने टाक्यांचा प्रश्न विचारला. पंप पुन्हा बसला तर कौन देखेगा? तो हसला आणि मराठीत वळला.

"वहिनी, तुम्ही कशाला काळजी करता? होऊन जाईल."

"कोण करणार पण, भाऊजी?"

तो पुन्हा हसला, जरा कमी. "होईल हो."

दुसरा उमेदवार फहद, तो आला मुसफ्फाच्या एका मोठ्या लेबर कॅम्पचं, म्हणजे मजुरांच्या वसाहतीचं काम बघून. चहाला नको म्हणाला, हसला तर अजिबात नाही. हॉलच्या वेळेचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, वेळ ठरवणं समितीचं काम, तुम्ही तिघं आधी एकमत करा. मग त्या वेळेला कुलूप मी लावीन, जमालसाहेब आत असले तरी. आणि वॉचमनला परस्पर फोन करून कामं सांगू नका, मला सांगा. अस्मिता चमकली. कालच तिने वॉचमनकडून तांदळाचं पोतं वर आणवलं होतं. पंपाचं विचारल्यावर तो म्हणाला, "बिना देखे वादा नहीं करूँगा. देखूँगा मैं, और जो नहीं होगा वो भी मैं ही आकर बोलूँगा."

तो गेल्यावर जमालने हात झटकले. खलास, हा आपल्यालाच शिस्त लावील. त्याचं मत दत्तप्रसादला, हुमेराचं फहदला. राहिली अस्मिता. तिने संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. हुमेरा म्हणाली, आरामात ठरव, दोघांना कंपनीकडून कळवलं जाईल.

घरी आली तर कोळात अन्नपूर्णा तशीच. नवरा, सुजीत, फोनवर म्हणाला, आपला माणूस आहे, त्यात एवढा विचार कसला? वरदने लॅपटॉपवरून नजर न काढता ऐकवलं, "आई, जस्ट पिक समवन." ती गॅलरीत गेली, परत आत आली, विनाकारण फ्रिज उघडून बंद केला. दत्तप्रसादला नाही म्हटलं तर गुरुवारी कुठल्या तोंडाने आरती म्हणायची? आणि हो म्हटलं, नि पंप बसला तर?

शेवटी माहेरी करायचे तसा कौल लावायचं ठरवलं. काळ्याच गणपतीला पाटावर बसवलं, शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या केल्या. उजव्या खांद्यावरची पडली तर दत्तप्रसाद, डाव्या खांद्यावरची पडली तर फहद. उजवी पाकळी चिकटवली. डावी बोटावर घेतली आणि तिथेच थबकली. म्हणजे हेही, तिने काही न ठरवता, होऊनच जाणार होतं. कोण करणार, हा प्रश्न तिने भरल्या मीटिंगमध्ये दुसऱ्याला विचारला होता.

तिने पाकळी काढून घेतली, देवाला नमस्कार केला आणि गणपतीलाही कोळात घातलं. मग हुमेराला मेसेज पाठवला, माझं मत फहदला. कंपनीचं पत्र उद्यापर्यंत येईल. 'कळवलं जाईल.' अनुपमाने ते फोनवर वाचायचं, शुभ्रासमोर?

ओट्यावर अनुपमाचं पुरणयंत्र धुऊन ठेवलेलं होतं, होळीला आणलेलं. ते तिने पिशवीत घातलं. चपला शोधताना एक सापडेना.

"वरद, गॅसवर वरण आहे, शिट्टी झाली की बंद कर. मी सातव्या मजल्यावर अनुपमाकडे जातेय, पुरणयंत्र द्यायला आणि माझं मत सांगायला."