गादी कारखान्यातले पाहुणे

बादली हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रंगारी म्हणून तो दिवसभर बादली घेऊन फिरायचा, आणि संध्याकाळी बादलीनेच पितो असं गल्ली म्हणायची. नाव चिकटलं. एकदा तर्र असताना त्याने शाळेच्या भिंतीबरोबर मुख्याध्यापकांची स्कूटरही हिरवी करून टाकली, सीटसकट. लोक पोट धरून हसले. बायको मात्र माहेरी निघून गेली.

पुढे पोटाने दगा दिला तेव्हा मेहुण्याने त्याला उचलून इस्पितळात नेऊन टाकलं. तिथे त्याची दारू सुटली ती कायमचीच. बायकोने वर्षभर लांबूनच पारख केली आणि मग परत आली. पण बादलीला एक गोष्ट खुपत राहिली. त्याच्याबरोबर बरे झालेले सोबती इस्पितळातून घरी निघत, आणि घराच्या आधी वाटेत गुत्ता लागे. मधे कुठे टेकायला जागाच नाही, तर बिचारे करणार काय? आपणच ती जागा काढायची, असं त्याच्या मनाने घेतलं.

बंद पडलेला एक गादी कारखाना त्याने हेरला. दारुड्यांना उंबरा ओलांडू देणार नाही, असं मालकाने साफ सांगितलं. बादली कपाळाला हात लावून बसला. बायको पुढे झाली.

"हा प्यायचा तेव्हा मी घर सोडून गेले होते," ती म्हणाली. "आता मीच इथे दारुड्यांचा स्वयंपाक करायला येतेय. माझी खात्री पटलीय, तुमची का पटू नये?"

मालकाने किल्ली दिली, वर गोदामात उरलेल्या गाद्याही दिल्या.

पहिले पाहुणे तिघे: गणिताचे निवृत्त मास्तर, एक ट्रकवाला आणि एक शिंपी. इस्पितळाने त्यांना लवकरच सोडलं होतं, त्यामुळे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. घाम, थरथर, ओकाऱ्या; इस्पितळातले डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन जायचे. तिघे जरा सावरले तसं बादलीने त्यांच्या हातात ब्रश दिले. भिंतीवर पिवळा पट्टा ओढायचा होता. थरथरत्या हातांनी तो असा काही नागमोडी निघाला की सरळ रेषेची व्याख्या आता बदलावी लागेल, असं मास्तरांनी गंभीरपणे जाहीर केलं.

तिघे खो खो हसत सुटले. हसण्याच्या भरात ट्रकवाल्याने वाटेतली गादी उचलली, तिची जुनी शिवण टर्रकन उसवली, आणि वर पंखा गरगरत होता. कापूस नुसता उधळला. शिंप्याला पांढऱ्या मिशा फुटल्या. बायको पळी घेऊन दटावायला आली, तिच्याच तोंडात कापूस गेला, आणि ती हसता हसता जमिनीवर बसली. बादलीला तर पाय जमिनीला लागत नाहीत असं झालं.

कापूस खाली बसला तेव्हा मास्तर जागेवर नव्हते.

बादली होता तसाच पळाला. मास्तर गुत्त्याच्या अलीकडे कट्ट्यावर बसले होते, डोक्यावर कापूस, नाकाला पिवळा रंग.

"खूप बरं वाटलं रे," ते म्हणाले. "आणि कधीही असं बरं वाटलं, की मी प्यायचो. आता काय करायचं, सुचेना."

बादली शेजारी टेकला. "मलाही आत्ता तल्लफ आलीय मास्तर. एकट्याने परत जायची माझी छाती नाही. सोबत करता का?"

मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मग उठून त्याचा हात धरला. दारातला गुत्तेवाला ही दोन भुतं बघून मुकाट्याने आत सरकला. ते पाहून दोघांना पुन्हा हसू फुटलं, ते कारखान्यापर्यंत थांबेना.

तो कारखाना आज गाद्यांनी आणि माणसांनी भरलेला आहे, आणि मास्तर नव्या पाहुण्यांना जपतात. त्या दुपारी मात्र दोघे परतले तेव्हा शिंपी फाटकी गादी शिवत होता. ट्रकवाला शेजारी अवघडून बसला होता, कारण गादीबरोबर त्याचा शर्टही शिवला गेला होता, आणि हे शिंप्याला सांगायचा त्याला धीर होत नव्हता.