कर्त्याची पाटी

मंडळी, मंचरच्या सायबर कॅफेत बसून हे लिहितेय. घरी जावंसंच वाटत नाहीये.

मी पारगावजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवते. इंग्रजी वाक्य पोरांना कळावं म्हणून तिघांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवते: कर्ता, क्रियापद, कर्म. मी 'रवी ईट्स अ मँगो' म्हटलं, की ज्याचा शब्द येईल त्यानं पुढं यायचं.

पाट्या नेहमी गावातल्या पोरांना. बीडकडून आलेली ऊसतोडीची पोरं मागं बसून बघतात. हंगाम संपला की जाणारच, असं धरून मी त्यांना हजेरीतही घेत नाही.

त्यातली मीरा मात्र मागून सगळं अचूक सांगायची. काल जवळ येऊन म्हणाली, "बाई, मला करा की कर्ता. त्यो सगळ्यात म्होरं उभा ऱ्हातो."

घंटा झाली होती. मी म्हटलं, "उद्या नक्की."

आज पाटी हातात घेऊनच मी तिला हाक मारली. पुढच्या बाकावरची सविता म्हणाली, "बाई, काल कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला. समद्या ऊसतोडवाल्यांनी सकाळीच ऱ्हायच्या कोप्या मोडल्या. मीरा ट्रकातनं वरडून इचारत व्हती, बाई आल्या का म्हणून."

मी आले नव्हते.

बीडकडचं कुणी हे वाचत असेल, तर तिला शोधाल का? फक्त तिचं आडनाव मला विचारू नका. गावही विचारू नका. हजेरीत घेतलं असतं, तर दोन्ही सांगता आलं असतं.